तोंडावरचा पदर

मिरज स्टेशनवर आई आली होती. अण्णा आले नव्हते. मुलगी इतक्या लांब जाताना बघायला नको म्हणून ते सकाळीच मळ्यात गेले, हे अक्का, तूच मला मागाहून सांगितलंस. लग्नाला तीन महिने झाले होते. हे मद्रासजवळ आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात लागले होते आणि त्यांना नुकतंच क्वार्टर मिळालं होतं. गाडी यायच्या आधी आईने माझी ओटी भरली आणि म्हणाली, "परक्या मुलखात तोंड बंद ठेवावं. कमी बोललं की कमी चुकतं." गाडी हलायला लागली तेव्हा परत म्हणाली, "जाते म्हणू नये. येते म्हण." मी पदराचा काठ तोंडाला धरून येते म्हटलं. ते माझं मलासुद्धा ऐकू आलं नसेल.

हे सगळं मी कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. चौथीपर्यंतची शाळा, त्यातून इतकी वर्षं मराठी लिहायची सवय नाही. पण अक्का, तू तिथेच राहिलीस, आपली तारा बडोद्याला गेली, मी इकडे आले, आणि तिघींचं सगळं एकमेकींना कधी सांगून झालं नाही. म्हणून मनात तुम्हा दोघींना धरून लिहिते.

आवडीला आमच्या क्वार्टरांच्या ओळीत मराठी बोलणारं कुणी नव्हतं. हे पहिल्या पाळीला गेले की संध्याकाळपर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलत नसे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. गावाकडे तरी मी कुठे बोलत होते? मोठ्या माणसांनी विचारलं तर पदर तोंडाला लावून होय किंवा नाही म्हणायचं, एवढीच सवय. शेजारची परिमळा भिंतीपलीकडून बोलवायची आणि मी नुसती हसायची. एकदा ती वैतागून म्हणाली, "वायिल पूट्टा?" तोंडाला कुलूप आहे का, असं ती विचारत होती, हे मला यांनी संध्याकाळी सांगितलं आणि स्वतःच हसले.

अलका दुसऱ्या वर्षी झाली. बाळंतपणाला मी गावी आले होते, ते तुला आठवत असेल. पोर शांत होती. आई म्हणायची, आईवर गेलीय. ती दीड वर्षाची झाली तरी एक अक्षर बोलेना, तेव्हा आईने वेखंड पाठवलं. ते मधात उगाळून जिभेला लावायचं. परिमळानेही तेच आणून दिलं. इकडे त्याला वसंबु म्हणतात. दोन मुलखांचं औषध एकच निघालं, याची तेव्हा गंमत वाटली. मी ते रोज लावलं. मग एका दुपारी परिमळाच्या हातून पितळी घंगाळ ओसरीवर पडलं. सगळ्या ओळीतली माणसं बाहेर आली. अलका तिथेच पाठमोरी बसून मातीत रेघा ओढत होती, तिने मान वळवली नाही. परिमळा माझ्याकडे बघत राहिली. 

सरकारी इस्पितळात कान तपासले. दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येतं असं सांगितलं. तिथल्या एका बाईंनी शहरातल्या एका केंद्राचं नाव दिलं. तिथे अगदी लहान मुलांना घेतात, पण एका अटीवर. मुलाबरोबर आईने रोज बसलं पाहिजे. शिकवायचं आईला, आणि आईने मुलाला.

तिथल्या मुख्य बाईंना सगळे टीचरम्मा म्हणत. बारीक, ताठ बसणाऱ्या, कपाळाला विभूती. त्यांना हिंदी थोडी येत होती, मला तीही धड नाही. त्यांनी अलकाच्या छातीवर ऐकायच्या यंत्राची डबी बांधली, वायर कानात घातली आणि मला म्हणाल्या, हिच्याशी बोला. मी पदर तोंडाला लावला आणि अलका, अलका म्हटलं. टीचरम्मा उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या हातातला पदर काढून खांद्यावर टाकला. त्यांनी रागाने नाही केलं, केसाला लागलेलं जळमट काढावं तसं केलं. मग म्हणाल्या, "हिने तुमचं तोंड कधी पाहिलंय का?"

मला तेव्हा कळलं की घरी, दारं लावलेली असतानाही, मी पोरीशी बोलताना काठ ओठांशी धरत होते. ऐकू न येणाऱ्या मुलीने ओठ तरी बघावेत, तर तेही मी झाकून ठेवले होते. आपल्याकडे त्याला वळण म्हणतात.

दुसरी गोष्ट त्यांनी यांना बोलावून सांगितली. यंत्रातून मुलीला अर्धवटच ऐकू येणार. त्या अर्ध्यात दोन-तीन भाषा मिसळल्या तर तिला कशाचाच धागा सापडणार नाही. घरात एकच भाषा ठेवा. कोणती ते तुम्ही ठरवा. पण आम्हाला मराठी येत नाही, ती बरोबर बोलते की चूक हे आम्हाला कळणार नाही. पुढे शाळा इथलीच असेल तर तमिळ घ्या. गावी परत जाणार असाल तर मराठी घ्या आणि लवकर जा, वाट बघू नका. पहिली चार-पाच वर्षंच खरी असतात.

यांनी खडकीच्या कारखान्यात बदली मागितली होती. दोन वर्षांत पुण्याला, मग दर सणाला मिरज, असं आमचं ठरलं होतं. पुण्याला असं केंद्र आहे का, याची यांनी ओळखीच्या माणसाकडून चौकशी केली. मोठ्या मुलांची शाळा आहे, इतक्या लहानांचं माहीत नाही, असं उत्तर आलं.  मग एका रविवारी हे शर्ट घालता घालता म्हणाले, "तमिळच घेऊ." सोमवारी त्यांनी बदलीचा अर्ज परत घेतला. अक्का, तुम्हाला कळवलं होतं की बदली होत नाही. होत नव्हती हे खरंच होतं. गाव सोडलं ते मिरज स्टेशनवर असं तुम्ही सगळे धरून चालता. मी त्या सोमवारी सोडलं.

आता मला तमिळ येत नव्हतं आणि बोलायची सवय कुठल्याच भाषेत नव्हती. टीचरम्मांचं सांगणं असं की मूल जागं असेपर्यंत बोलत राहायचं. जे करतो ते बोलायचं. पाणी ओतलं, पाणी ओतते. कणीक मळली, कणीक मळते. ऐकणारं पोर समोर गप्प, आणि आपण विहिरीत दगड टाकल्यासारखं बोलत राहायचं. परिमळाने मला शिकवलं. ती सकाळी निवडायला भाजी घेऊन माझ्याच ओट्यावर बसे आणि एकेक वाक्य म्हणे, मी तिच्यामागून म्हणे, आणि अलका आम्हा दोघींच्या ओठांकडे बघे. चुकलं की परिमळा खदखदून हसे. हेही घरात तमिळ बोलायचे, दमून आल्यावर मात्र गप्प बसायचे. अलका निजली की आम्ही आपलं बोलायचो, तेही हळूहळू कमी झालं. मराठीत सांगण्यासारखं काही उरायचं नाही.

पहिला शब्द यायला बरेच महिने लागले. मी परातीत कणीक मळत होते आणि रोजच्यासारखी मावु, मावु म्हणत होते. अलका परातीत बोट घालून म्हणाली, "मावु." म्हणजे पीठ. आई नाही, अम्मा नाही, पीठ. मी हात तसेच बरबटलेले घेऊन परिमळाच्या दारात गेले. तिने मला आत ओढलं आणि कुलूप निघालं म्हणून साऱ्या ओळीला ओरडून सांगितलं. ते अलकाचं की माझं, हे तिने सांगितलं नाही.

अलका पाच वर्षांची होऊन साध्या शाळेत गेली आणि केंद्रातलं आमचं काम संपलं. पण टीचरम्मांनी मला येत राहायला सांगितलं. नव्या आया यायच्या, त्यांच्याजवळ बसायचं. मला वाटलं, मी काय सांगणार? सांगायचं फार नसे. यंत्राचा कानात बसणारा साचा कुठे करून मिळतो, कोणत्या दिवशी गर्दी कमी असते, पोर वाढलं की कान वाढतो आणि साचा सैल होऊन शिट्टी वाजते, तेव्हा यंत्र बिघडलं म्हणून घाबरायचं नाही. डबीसाठी पिशवी शिवायची तर कापड झुळझुळीत नको, घासल्याचा आवाज यंत्रात जातो. लोक बघतात म्हणून सासू यंत्र काढून ठेवते, तर सासूशी भांडायचं नाही, एकदा केंद्रात घेऊन यायचं. एन्नोरहून एक कोळीण यायची, दोन बस बदलून. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "देव देईल वाचा, माणसं कशी देणार?" मी म्हटलं, देव देईपर्यंत आपण बसू. ती बसली. रडणाऱ्या बाईला मी उगी म्हणत नसे. जवळ बसून तिच्या मुलाच्या कानात साचा कसा बसवायचा ते दाखवत असे. हाताला काम मिळालं की रडणं आपोआप थांबतं.

अलका दहा वर्षांची असताना वत्सला आली. अडीच वर्षांची, गोरीपान, हट्टी. तिचे वडील गिंडीला एका कंपनीत हिशेबनीस, आई जयंती शाळेत शिकवायची. रजा काढून ती केंद्रात यायची. त्यांच्या घरात चार माणसांच्या तीन भाषा होत्या. नवरा-बायको तमिळ, काका इंग्रजी, आणि आजी मराठी. तंजावरकडचे मराठी लोक. टीचरम्मांनी नेहमीचं सांगितलं, एकच भाषा, तमिळ ठेवा. दुसऱ्या दिवसापासून जयंती यायची बंद झाली. टीचरम्मा मला म्हणाल्या, "तुमचीच माणसं आहेत. जाऊन बघा."

सैदापेटला त्यांचं घर होतं. ओसरीवर आजी बसल्या होत्या, कावेरीबाई. नऊवारी, पण नेसण इकडची, नाकात दोन्ही बाजूंना खड्यांच्या चमक्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही कोठच्या?"

"मिरजेकडची."

"अस्सं. म्हणजे तुम्ही काल आलां. आम्हांस तीनशें वर्षें झालीं." मग आत बघून ओरडल्या, "जयंती, कापी आण गे! मिरजेहून भाषा बंद करायला आल्यात!"

त्यांचं मराठी मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. शब्द पोथीतले आणि चाल तमिळ. काही समजत होतं, काही अंदाजाने. पण इकडे आल्यापासून बाईच्या आवाजात मराठी ऐकलंच नव्हतं, म्हणून मी कॉफी पीत ऐकत राहिले.

"तीनशें वर्षें," त्या म्हणाल्या, "राजे गेले, वतनें गेलीं, घरें विकलीं. एवढी एक जीभ राखली. आतां नातीशीं ती बोलूं नको म्हणून सांगायला ती टीचरम्मा कोण? माझ्या सासूने मला मारून शिकविलें हो. माझें माहेर तमिळ बोलायचें, ठाऊक आहे?"

जयंती दारात उभी होती. सासूकडे बघत हळूच म्हणाली, "अत्तै ऐकत नाहीत. आणि त्या बोलल्याशिवाय राहत नाहीत."

"गप. तूं शाळेंत जातेस. पोरीला दिवसभर कोण पाहतें?"

त्या बोलत होत्या तेवढा वेळ वत्सला त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. आजीने हात हलवला की तीही हलवायची. कावेरीबाईंनी आपल्या तोंडावर कधी पदर घेतला नसावा. ओठ, भुवया, चमक्या, सगळं बोलत होतं. माझ्या अलकाला मी दोन वर्षांत दिलं नव्हतं, ते या पोरीला न मागता मिळत होतं, फक्त कानात यंत्र नव्हतं. यंत्र कपाटावर ठेवलेलं दिसलं.

मी त्यांना काही पटवून दिलं नाही. मला ते येत नाही. परत येऊन टीचरम्मांना जे पाहिलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या घरात सगळ्यांत जास्त कोण बोलतं?" मी म्हटलं, आजी. "मूल दिवसभर कुणाजवळ?" आजीजवळ.  टीचरम्मा म्हणाल्या, "तर मग मराठीच घ्या. एक भाषा धड रुजली की तिच्यावर दुसरी लागते. आमची अडचण एवढीच होती की तपासायला कुणी नव्हतं. आता तुम्ही आहात."

मी हो म्हटलं. अलकाच्या वेळी असं कुणी असतं तर, हा विचार तेव्हा आला नाही. बसमध्ये आला. मी तो फार वेळ ठेवला नाही. अलकाच्या वेळीही मराठी येणारी मी होतेच, पण उपयोग नव्हता. मला तेव्हा बोलताच येत नव्हतं.

कावेरीबाई केंद्रात यायला लागल्या. आईच्या जागी आजी, असं तिथे पहिल्यांदाच झालं. त्यांना बोला सांगावं लागत नव्हतं, थांबा सांगावं लागायचं. "आतां तिची पाळी," मी म्हणायची, आणि त्या ओठ दाबून बसायच्या, शिक्षा झालेल्या मुलीसारख्या. माझे शब्द त्यांना हलके वाटत. मी कुठे म्हटलं की त्या "कोठें" म्हणून दुरुस्त करीत. शेवटी त्यांचंच मराठी ठरलं, कारण घर त्यांचं. पोरीच्या आजीची भाषा मी शिकले आणि तिच्याशी बोलले. हें दूध, हें पाहा फूल, ये, बस, दे. अशी मराठी वाक्यं मी उघड्या तोंडाने कुठल्याही मुलाशी कधी बोलले नव्हते.

वत्सलाचा पहिला शब्द होता "नको." यंत्र घालताना हात झटकून म्हणाली. कावेरीबाईंनी टाळी वाजवली, "अगदीं आमच्या घरची!" आणि मग यंत्र घालून घ्यायला तिला अर्धा तास लागला.

सुट्टीत अलका माझ्याबरोबर केंद्रात यायची. त्या दिवशी ती कोपऱ्यात चित्र काढत बसली होती. परत येताना बसमध्ये तिने माझी हनुवटी धरून आपल्याकडे वळवली. तिला काही महत्त्वाचं विचारायचं असलं की ती तसं करते. तिने तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, तू काय बोलत होतीस? तुझं तोंड वेगळं दिसत होतं."

"कसं?"

"मोठं. आणि तू मध्ये न थांबता बोलत होतीस."

मी सांगितलं, ती माझी भाषा. आजीच्या गावची.  तिने परत हनुवटी धरली. "मग मला का नाही दिलीस?"

मी तिला सगळं सांगितलं. यंत्र, एक भाषा, बाबांची बदली, परिमळा. तिने सगळं ओठांवरून वाचलं. रडली नाही, रागावली नाही. "सरि," म्हणाली. ठीक आहे. उतरताना एवढंच म्हणाली, "पाट्टीशी मी कधीच बोलले नाही." पाट्टी म्हणजे आजी, म्हणजे आपली आई.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गावी आलो, तेव्हा तू घरीच होतीस अक्का, पण हे घडलं तेव्हा चुलीपाशी. आई अंगणात बाजेवर बसली होती. दात गेल्यापासून ती पुन्हा नव्या सुनेसारखी पदर तोंडावर धरूनच बोलायची. अलका तिच्यासमोर उकिडवी बसली, हात पुढे केला आणि आईच्या तोंडावरचा पदर खाली ओढला. आई दचकली. मीही. मग अलका म्हणाली, "बोल." हा एकच शब्द तिने माझ्याकडून शिकून घेतला होता. आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, बोल, ती बघतेय. आईने आधी विचारलं, "काय बोलू?" आणि मग दिवस मावळेपर्यंत बोलली. अण्णांविषयी, तुझ्या बाळंतपणांविषयी, मी लहानपणी कशी मुकी होते त्याविषयी. अलकाला त्यातलं काही समजलं नाही. पण तिने नजर हलवली नाही, आणि आईने पदर परत वर नेला नाही.

निघताना आई स्टेशनवर आली. तिने या वेळी तोंड बंद ठेव म्हटलं नाही. गाडी हलली तशी अलका खिडकीतून जोरात ओरडली, तिचा तो चढ-उतार नसलेला, सपाट आवाज, "पोयिट्टु वरेन, पाट्टी!" फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. आई गाडीबरोबर चालत विचारत होती, "काय म्हणाली गं? काय म्हणाली?"

"येते म्हणाली," मी सांगितलं. मोठ्याने.

आता मद्रासला चेन्नई म्हणतात. आई गेली. कावेरीबाईही गेल्या. वत्सला आता तमिळ बोलते, घरी मात्र कोठें म्हणते. मी अजून केंद्रात जाते. घर कुठलं, असं नव्या आया मला कधी कधी विचारतात. मी आवडी म्हणते. अक्का, त्यात खोटं नाही. त्या उन्हाळ्यात आवडीहून निघताना मी परिमळाला तिच्या भाषेत येते म्हटलं होतं, आणि मिरजेहून निघताना आईला आपल्या भाषेत. दोन्ही वेळा मला परत यायचं होतं.